काजमावशीचं तोंड हुंगणारे

गणवेश शिवायच्या त्या शिलाईखान्यात बाकीच्या बायका चपला काढून सरळ मशीनवर जाऊन बसायच्या. काजमावशीला मात्र दारात थांबून तोंड उघडावं लागायचं. सुपरवायझरबाई नाक पुढे करून तिचं तोंड हुंगायची. शी! नुसतं ऐकूनच शिसारी येते की नाही? पण आतल्या अठरा बायकांना यायची नाही. बहुतेक जणी खुदूखुदू हसायच्या.

काजमावशी म्हणजे शर्टांना काजं करणारी. मध्यंतरी तिचे डोळे पिवळे झाले आणि डॉक्टरांनी यकृताला सूज असल्याचं सांगितलं. झालं! यकृत म्हटलं की दारू, एवढंच आपल्या लोकांना ठाऊक. पुढे औषधानं तिचा चेहरा फुगला, तर म्हणे पिऊन पिऊन सुजली. चहाचा कपसुद्धा वेगळा ठेवला तिचा. शेजारची बटणवाली हसायची नाही, पण बोलायचीही नाही. कशाला उगाच वाईटपणा घ्या!

शेवटी मावशीनं काय केलं असेल? गोळ्याच बंद केल्या! चेहऱ्याची सूज तरी उतरेल म्हणून. घरी कुणाला पत्ताच नाही. बाराव्या दिवशी ती मशीनवरच कोसळली. डोळे पुन्हा पिवळेधमक.

बटणवालीनं तिला दवाखान्यात नेलं. मावशीची नणंद तिथेच रक्त तपासायच्या कामावर होती. वहिनीनं गोळ्या का सोडल्या, ते तिला कळेना. मग बटणवालीनं सगळं सांगितलं, हुंगण्यासकट.

"आमच्या वहिनीनं जन्मात थेंब घेतलेला नाही," नणंद म्हणाली. "आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की त्या तुटून पडतात. त्यांनी भलत्यावरच तुटून पडू नये, म्हणून काही पेशींचं कामच बाकीच्यांना निरोप द्यायचं असतं, की आवरा, हे आपलंच आहे. वहिनीच्या अंगात तो निरोप नीट पोचत नाही. मग राखणदारच यकृत कुरतडतात. गोळ्या त्यांना आवरून धरतात. आणि हे काही कपातून कुणाला लागत नाही हो."

मग तिनं विचारलं, "हुंगत होते, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच."

"अठरा जणी, आणि एकीच्याही तोंडून 'आवरा' निघेना?"

बटणवालीला स्वतःचीच किळस आली. घरी जाऊन तिनं दोनदा तोंड धुतलं, तरी ती जाईना.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. महिन्याभरानं मावशी कामावर आली. चेहरा तसाच गोल, पण डोळे निवळलेले. सुपरवायझरबाईनं सवयीनं हात आडवा घातला. तेवढ्यात बटणवाली उठून मध्ये उभी राहिली.

"बाई, आधी माझं हुंगा. मग या सतरा जणींचं. मग कटिंगमास्तरांचं, त्यांच्या गालात तंबाखू आहेच."

मास्तरांनी घाईघाईनं तोंड फिरवलं. पण या खेपेला कुणी हसलं नाही. एकेक मशीन थांबलं, एकेक बाई उठून बटणवालीच्या मागे उभी राहिली. सुपरवायझरबाईचा चेहरा उतरला. तिनं हात खाली घेतला आणि खालमानेनं म्हणाली, "चुकलं माझं. जा मावशी, बस."

वाचकहो, आजार बघून माणसाच्या चारित्र्याचा निकाल लावू नका. आणि दुसरा कुणी लावत असेल, तर गप्प बसू नका. आपल्या माणसावर आपलीच माणसं तुटून पडतात, तेव्हा 'आवरा' म्हणणारं एक जण तरी लागतं. ते तुम्ही व्हा!