झेल धरणारी

अगो थांबा, ठमी तबकडीत गायली ती गोष्ट तुमी सगळ्यांनी अर्धीच ऐकलीय. मी सांगते. मी तिथं व्हते, दाराबाहेर का होईना.

बायजा, तू घाटावरची, तुला ठाऊक नसंल. आमच्या आगऱ्यांचं लगीन धवलारीण लावते, गाऊन. आधी देवांना आवतण द्यायचं, एकेकाचं नाव घेऊन. पालीचा गणपती, वेशीवरचा बापदेव, दर्या, सगळे. ते मांडवात येऊन बसतात. लगीन लागलं की शेवटचं गाणं म्हणून त्यांना उठवायचं, ज्याला त्याला आपल्या ठिकाणी धाडायचं. आणि हे एकटीनं न्हाय गायचं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. ठमी टाकायची, मी झेलायची. तिच्या आत्यानं, कृष्णाबाईनं शिकवलं दोघींना. ठमीनं आवाज लावला की खाडीपलीकडचा माणूस मान वळवायचा. माझा आपला असा, मागनं येणारा.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढल्या वर्षी काळूराम मुकादमाच्या पोरीचं लगीन व्हतं. मीठवाले शेठ आले, त्यांच्यासंगं मुंबैचा पाहुणा. चिखलात बूट रुतलेले, पण हा गडी आमच्याजवळनं हलंना. तबकडीच्या कंपनीतला निघाला. ठमीला म्हणाला, "मुंबैला या, गाणं भरून घेतो."

मी म्हटलं, "आमी दोघी."

"एकीचा आवाज पुरे," म्हणाला.

ठमी मला म्हणाली, "काशे, लग्नं उन्हाळ्यात तेवढी. बाकी वर्षभर डोईवर मीठच ना? मला गळ्यावर जगायचंय गो. कोणाच्या मांडवाची वाट न बघता."

मंग काय, गेलो रेवसवरनं आगबोटीनं. मला ओकाऱ्या, ही पुढं उभी, वारा खात. कंपनीत नेलं तर एक खोली, भिंतींना गोधड्या लावलेल्या, आणि मधी टांगलेलं एक डबडं. त्याच्या म्होरं गायचं. लाल दिवा लागला की सुरू, विझला की बस. मला बाहेर बसवली. दाराला काच व्हती, तिला नाक लावून मी बघतेय.

दिवा लागला. ठमीनं ओळ टाकली आणि गप्प राह्यली. परत टाकली, परत गप्प. मला आधी कळंचना. मंग कळलं. ती माझ्यासाठी थांबत व्हती. आत मी नव्हते, तरी प्रत्येक ओळीमागं माझ्यापुरती जागा सोडत व्हती. तिच्या ध्यानातपण नव्हतं. मी इकडं ओठातल्या ओठात झेलतेय, काचेवर वाफ धरलीय. असं थांबत थांबत सगळे देव आले, आणि दिवा विझला.

"अजून हाय," ठमी म्हणाली. "देव उठवायचे राह्यले."

"बाई, तबकडी भरली," पाहुणा म्हणाला. "मधी मधी गप्प का बसत व्हता? पुढल्या येळेला सलग गा."

"मंग तबकडीच्या दुसऱ्या अंगाला गाते."

"तिकडं दुसऱ्या बाईचं भरलंय."

तबकडी आली ती रेवसच्या बंदरावर, सदूच्या हाटेलात. काय गर्दी! खलाशी, मिठाचे गडी, सगळे चावी दे, चावी दे म्हणून मागं लागलेले. ठमी दाराशी उभी, लाजून लाल. कृष्णाबाई आली, बशीतला चा घेऊन बसली, सगळं ऐकलं. बशी तशीच खाली ठेवली.

"देव बोलावलेस कोणाच्या लग्नाला? आणि उठवले कोणी?"

मोरू तांडेल म्हणाला, "बसूं द्या की मावशे, चा पाजतो त्यांना," आणि हसला. पण त्याच्यासंगं कोण हसलं न्हाय.

झालं. सदू चावी देईल तेव्हा देव येतात आणि तिष्ठत बसतात, हे गावभर. त्या उन्हाळ्यात ठमीला एकानंपण बोलावलं न्हाय. तिला न्हाय म्हणजे मलापण न्हाय. उठवायचं गाणं भरून घ्या असं तिनं कंपनीला कळवलं, तर उलट निरोप आला. देव उठवायला पैसे कोण देतो, म्हणे. नाचरं कायतरी सलग गाणार असलीस तर ये, इथंच राहा.

ठमी निघाली त्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर मी माझं बोचकं घेऊन गेले व्हते. खरं सांगते. कोणी बोलावलं नव्हतं. ठमीनं बोचक्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"एकीलाच घेतात, काशे."

"ठाऊक हाय. मी बाहेर बसंन."

"नको. माझ्यानं मंग सलग व्हणार न्हाय." मंग म्हणाली, "सदू तबकडी लावील तेव्हा जात जा. तू उठव त्यांना. तुझ्याबगर कोणाला येत न्हाय."

गेली. आणि मी जायला लागले. तबकडी थांबली की हाटेलाच्या दारात उभं राहून मी म्हणायची, एकटीच, दोघींचं. आधी खलाशी हसायचे. मोरू म्हणायचा, "आली बघा देवांची पाठवणीवाली." पुढं तोच टोपी काढून बसायचा, गाणं संपेपर्यंत.

मंग तिची नवी तबकडी आली. पेटी, तबला, घुंगरू, सगळं हाय. लोकांना लई आवडली. सदू दिसभर तीच लावतो. त्यात श्वास घ्यायलापण जागा न्हाय, गो. ओळीला ओळ चिकटलेली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. जाताना ठमी गौरीच्या सणाला येते म्हणालेली, आली न्हाय. त्या गौरीलापण न्हाय, पुढल्यापण न्हाय.

आता का सांगतेय, तर कृष्णाबाईनं थळ गावच्या लग्नाची सुपारी मला घेऊन दिलीय. म्हणते, ओळ तू टाक, झेलणारी तुझी तू बघ. म्हणून तुमाला विचारते. खाली काय बघताय सगळ्या? बायजा, तुझा आवाज वाईट न्हाय, दळताना ऐकलाय मी. तू नुसती माझ्यामागं तेच म्हणायचीस. ये, इकडं सरक, टाकते हां मी.

न्हाय, एवढ्यात न्हाय गो. माझी ओळ संपू दे आधी.