ओमेश्वरच्या नावावरच्या तक्रारी

मराठी शुद्धलेखन तपासणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. कोणीही वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. त्याच्या तक्रारी कुठून कुठून यायच्या आणि भूमेश्वरी कामठ्यात घरी बसून त्या निवडायची. तीच तक्रार पुन्हा आली तर जुनीला जोडायची, अर्धवट असेल तर लिहिणाऱ्याला विचारायचं, खरी असेल तर जमेल त्याच्या नावावर टाकायची. पगार शून्य. शिव्या मात्र वेळेवर.

शब्दांच्या तक्रारी तिचा नवरा ओमेश्वर दुरुस्त करायचा. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी कोहमाऱ्याजवळ ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. तेरवीला आलेल्या बायका कुजबुजल्या, "रडलीच नाही, गोटा झाली बाई." खोटं नव्हतं ते. भूमेश्वरीला काही वाटतच नव्हतं. भात शिजला की खायची, लाइन आली की कॉम्प्युटर लावायची.

तेरवीनंतर पहिली तक्रार तिनं सवयीनं ओमेश्वरच्या नावावर टाकली. दुसरी समजून उमजून. दोन महिन्यांत त्रेचाळीस झाल्या. प्रकल्प सांभाळणाऱ्या पुण्याच्या प्रियानं दोनदा विचारलं, "ओमेश्वर आहेत कुठे? लोक थांबलेत." भूमेश्वरीनं दोन्ही वेळा लिहिलं, "बघतील." खरं सांगितलं की त्याचं नाव काढणार, हे तिला ठाऊक होतं. रेशनकार्डावरचं गेलं, बँकेतलं गेलं. एवढं एक राहिलं होतं आणि ते तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

त्या दुपारी इटियाडोह धरणाकडच्या बकारामची तक्रार आली. कालव्याच्या पाण्यासाठी त्यानं अर्ज लिहिला होता, 'माझ्या बांधीत पाणी येत नाही.' धानाच्या शेताच्या तुकड्याला इकडे बांधी म्हणतात. सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार? त्यानं आपली अक्कल चालवून 'मांडीत' केलं. बकारामनं न वाचताच अर्ज दिला आणि तो भर ग्रामसभेत मोठ्यानं वाचला गेला. 'गावात तोंड दाखवायची सोय नाही,' त्यानं लिहिलं होतं, 'लवकर पाहा.'

भूमेश्वरी फिसकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. ओसरीतून सासरे, पुरनलाल, आत आले.

"काऊन बाई, एकटीच हासून राहिली?"

तिनं वाचून दाखवलं. म्हाताराही खोकला येईपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "बिचारा! ओमेश्वरले सांग ना, आजच्या आज करून देईल."

बोलले आणि पुरनलाल होते तिथेच थांबले. तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? त्रेचाळीस वेळा तिनं हेच केलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

"मी बी त्यायलेच सांगून राहिली, मामाजी," ती म्हणाली. "दोन महिने झाले."

पुरनलाल भिंतीला टेकून खाली बसले. मग भूमेश्वरीनं प्रियाला लिहिलं, "ओमेश्वर वारले. त्यांचं नाव काढा." आणि पाठवून दिलं.

बकारामची तक्रार अजून उघडीच होती. कोणाकडे सोपवायची, असं कॉम्प्युटर विचारत होता. ओमेश्वरच्या नावावर आलेला माउसचा बाण तिनं खाली सरकवला. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, 'कोणी नाही.' तिनं ते निवडलं, आणि मग तिला रडू फुटलं.