ग्रहणातली भेंडी

मालनबाई एरवी मानपाड्यातल्या अख्ख्या सोसायटीला शहाणपण शिकवायच्या, पण नात जन्मली आणि त्यांची बोलतीच बंद झाली. एवढ्याशा त्या जिवाच्या जिभेखाली द्राक्षाएवढी निळसर गाठ होती. दूध ओढता ओढता पोर थांबे, घरघरे, काळीनिळी पडे.

बाळ बघायला आलेल्या नयननं, त्यांच्या धाकट्या जावेनं, बसल्या बसल्या निदान केलं, "संचितानं ग्रहण पाळलं नसणार. काहीतरी चिरलं असणार हिनं."

सून संचिता मान खाली घालून बसली. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ग्रहणाचे वेध लागलेत हे साफ विसरून, सातव्या महिन्यातल्या सुनेपुढे भेंडी आणि सुरी मालनबाईंनीच ठेवली होती. पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

ठाण्याच्या डॉक्टर डेल्फिननी एमआरआय पाहिला. "पाण्याची गाठ आहे. क्वचित सापडते, पण साधी. कॅन्सरबिन्सर काही नाही. मात्र वाढली तर श्वास अडेल. नुसतं पाणी काढलं तर परत भरेल, म्हणून परवा ऑपरेशन करून पूर्ण काढू."

मालनबाईंना राहवलं नाही. "ग्रहणात भाजी चिरली की होतं का हो असं?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "ग्रहण कितव्या महिन्यात होतं, आजी?"

"सातव्या."

"ही गाठ पहिल्या दोन महिन्यांतच धरलेली. कुणाचीच चूक नाही."

मालनबाईंना हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. बाहेर येताच त्यांनी सुनेचा हात धरला. "अगं, भेंडी मीच दिलेली तुला. नयन बोलली तेव्हा मी तोंड शिवून बसले."

"वेध लागलेत हे मला माहीत होतं, आई," संचिता म्हणाली. "पण विसर्जनात नाचून तुमचे पाय सुजलेले. आठवण करून दिली असती तर तुम्हीच चिरत बसला असता. म्हणून मुकाट्यानं चिरली. तेव्हापासून मीच पापीण, असं वाटायचं मला."

मालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

ऑपरेशनच्या दिवशी बाळ आत गेलं, तशी त्यांनी बाकावरूनच जावेला फोन लावला. सगळं सुखरूप झाल्यावर कबूल करण्यात काय अर्थ होता?

"नयन, भेंडी मी दिलेली. चूक तिचीही नाही, भेंडीचीही नाही. माझ्या सुनेला पुन्हा बोललीस तर गाठ माझ्याशी आहे!"

दीड तासानं डॉक्टर बाहेर आल्या. गाठ अख्खी निघाली होती.

पाचव्या दिवशी नाकातली दुधाची नळी काढली आणि पोरीला अंगावर घेतलं. ती न थांबता प्यायली, पोटभर. सासूसुना एकमेकींकडे न बघता ते ऐकत राहिल्या.