सुई ओवताना

"वहिनी, हा कसला लाल दोरा आणलास? पार मातकट आहे."

तेपाएरूआत्याने रीळ माझ्या आईच्या मांडीवर टाकलं.

"लालभडक आहे तो," आई म्हणाली. "नाक तर चोंदलेलंच असतं, आता डोळेही चोंदले वाटतं."

चर्चच्या हॉलमध्ये तिवायवायची मोठी चादर पसरून तिच्यावर कापडी फुलं शिवत बसलेल्या बायका हसल्या. आत्याच्या लेकीच्या लग्नाची चादर होती. डोकं ठणकलं की आत्या कपाळाला खोबरेल चोळून पुन्हा शिवायला बसे. आयतुताकी बेटावर तिच्याइतकी बारीक टीप कुणाची नव्हती.

मी बेटावरच्या दवाखान्यात नर्स. हसता हसता माझ्या लक्षात आलं, सुई ओवताना आत्या उजवा डोळा मिटते.

"आत्या, आता डावा मिटून बघ."

तिने बघितलं.

"आता लाल आहे," ती हळूच म्हणाली.

दवाखान्यात मी तिच्या डोळ्यांवर आळीपाळीने बॅटरी धरली. प्रकाश उजवीकडून डाव्या डोळ्यावर नेला की बाहुली आकसायच्या ऐवजी पसरत होती. डोळा बाहेरून स्वच्छ होता. दोष मागे, नसेत.

"दोऱ्याची तक्रार कधीपासून करतेय ही?" मी आईला विचारलं.

"ईस्टरपासून."

ऑगस्ट चालू होता. दर वेळी आम्ही हसलो होतो.

"चादर पुरी करून जाते ऑकलंडच्या मोठ्या इस्पितळात," आत्या म्हणाली.

"तोवर नस थांबायची नाही, आत्या."

त्याच आठवड्यात तिला विमानाने पाठवलं. ऑकलंडच्या स्कॅनमध्ये सापडलं: डोळ्यामागच्या हाडाच्या पोकळीत वर्षानुवर्षं साचलेला शेंबूड फुगून नसेवर दाबत होता.

"शेंबडाने डोळा जातो?" तिने फोनवर विचारलं.

"क्वचित."

"बघ, वहिनीला सांग. साधं दुखणं मला होतच नाही."

नाकातून ऑपरेशन झालं. नस सावरेल का, हे ती किती दिवस दबली होती त्यावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी ईस्टरपासूनचे आठवडे मोजले. मग पुन्हा मोजले.

सहा आठवड्यांनी ती परतली. डोकं दुखायचं थांबलं होतं. हॉलमध्ये ती आपल्या जागी बसली, उजवा डोळा मिटला आणि दोरा समोर धरून बराच वेळ पाहत राहिली. बायकांच्या सुया थांबल्या.

"वहिनी, हा लालच ना?"

"लालच," आई म्हणाली.

आत्याने उजवा डोळा उघडला, डावा मिटला आणि सुई ओवली.