बापाने जाळलेली पुस्तकं

“‘त्या दिवशी बाबा पिऊन आले. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी हिसकावलं, अंगणात नेलं आणि बाकीच्या पुस्तकांसकट पेटवून दिलं. राखेतून मी एक अर्धं पान उचललं. माझं वाचनाचं वेड त्या अर्ध्या पानापासून सुरू झालं.’”

वाचून झालं तरी लेकीने मोबाइलमधून मान वर केली नाही. सलूनवाल्याचा वस्तरा पोस्टमास्तरांच्या गालावर निम्म्यात थांबला होता. खुर्चीतले पोस्टमास्तर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. पण तोंडभर फेस असल्यामुळे त्यांना नुसते डोळे मोठे करता आले.

“कोणाचा बाप हा?” सलूनवाल्याने विचारलं.

“निबंधातला.”

“आणि निबंधाच्या वर नाव कोणाचं?”

“माझं.”

“मग तुला आणखी किती बाप आहेत? आणि अंगण कुठलं? तिसऱ्या मजल्यावर राहतो आपण. जाळली कुठं मी, जिन्यात?”

“बाबा, कॉलेजच्या अर्जाला ‘मला वाचन का आवडतं’ असा निबंध लागतो. क्लासच्या सरांनी असा करून घेतला. परवाच पाठवला. कॉलेजवाले या आठवड्यात पालकांना फोन करतात म्हणे. तुम्हाला माहीत असावं म्हणून वाचून दाखवला.”

म्हणजे विचारायला आलीच नव्हती, कळवायला आली होती. त्याने वस्तरा पुसला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हातात दुसऱ्याचा गळा असताना रागावायची सोय नसते.

या माणसाने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याच्या अंगाला वास यायचा तो आफ्टरशेव्हचा. स्वतः त्याने एकही पुस्तक पुरं वाचलं नव्हतं, हे मात्र खरं. अक्षरं दिसली की त्याला झोप यायची. ऐकायला आवडायचं. लेक पहिलीत गेली तशी शाळा सुटल्यावर सलूनमध्ये येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली मासिकं मोठ्याने वाचायची. गोष्ट रंगात आली की बापाचा हात हळू व्हायचा. एकदा तर खून कोणी केला ते कळेपर्यंत त्याने एका माणसाला अर्ध्या मिशीवर बसवून ठेवलं होतं. रद्दीवाला या दुकानाच्या पायऱ्या कधी चढला नाही, कारण पोरीने वाचलेलं मासिक हा माणूस विकायचाच नाही. आणि आता म्हणे, जाळली.

दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तो क्लासला गेला. भिंतीवर निवड झालेल्या मुलांचे दात काढून हसतानाचे फोटो. सर वडा की समोसा काहीतरी खात होते आणि तेलकट बोटं कुठल्याशा पोराच्या निबंधालाच पुसत होते. केसांना कलप होता, तोही धड लावलेला नाही, कानाच्या पाळीवर डाग तसाच. सलूनवाल्याला पहिली शिसारी आली ती त्या डागाची.

“मी जाळली पुस्तकं?” तो उभ्याउभ्याच म्हणाला.

“मनाला लावून घेऊ नका हो. यंदा माझ्याकडे तीन बाप जाळतायत, एक आई फाडतेय आणि एकाची पुरात गेली. त्याच्या गावाला नदीसुद्धा नाही.” सर हसले. “तुमच्या मुलीचा पहिला निबंध वाचला मी. सलून, दाढ्या, गोष्टी, हसणारा बाप. गोड होता. पण गोडाला कोण विचारतो? आड कोणी आल्याशिवाय आवडीला किंमत नाही.”

“मग गुंड आणायचा. चोर आणायचा. बापच का?”

“बाप सोयीचा पडतो. भांडायला येत नाही कधी. तुम्हीच पहिले.”

“ते मागे घ्या.”

“घेऊ की. मजकूर खोटा होता म्हणून कळवू कॉलेजला. मग ते तुमच्या मुलीला कायमची बाद करतील. कळवू?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो जिना उतरला आणि गटारात थुंकला. पुन्हा थुंकला. तोंडातला कडवटपणा काही जाईना. तेलकट बोटं पुसावीत तसं त्या माणसाने आपल्याला पुसलं, असं त्याला वाटत राहिलं.

घरी बायकोला सारं ठाऊक होतं. ती भाजी चिरत म्हणाली, “एक ‘हो’ म्हणायला तुमचं काय झिजतंय? पोरगी चांगल्या कॉलेजात जाईल. आपल्याला कोण ओळखतंय तिथं?”

“मी ओळखतो ना मला.”

“मग रोज आरशात बघता तसं बघा आणि गप्प बसा.”

लेक दाराशी उभी होती. “मी आधी खरंच लिहिलं होतं बाबा. सरांनी फुली मारली. मला इथून बाहेर पडायचंय, दुसरा रस्ता नाही.”

“आणि ते राखेतलं अर्धं पान? काय डोकं आहे त्या नालायकाचं.”

 ती म्हणाली, “ते सरांचं नाही. ते मला सुचलं. सर म्हणाले, याच्यावरच ॲडमिशन होईल.”

सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो त्याला ऐकू आला आणि लेकीचीही किळस आली. सरांची किळस थुंकून टाकता येत होती. ही कुठे टाकणार? आपलेच दात, आपलेच ओठ. तो न जेवता उठला आणि बायकोनेही आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा पोस्टमास्तर खुर्चीत होते, एक गाल झाला होता, एक राहिला होता. लेक सकाळपासून बाकावर बसून होती. सलूनवाल्याने फोन घेतला. बाईंचा आवाज मोठा अदबशीर होता.

“मुलीने निबंधात जे लिहिलंय, ते खरं आहे का?”

त्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती, ओठ आत दाबून. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी पाहायची तशी.

“खरं आहे,” तो म्हणाला.

“सगळी पुस्तकं जाळलीत?”

“सगळी.”

“का पण?”

हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याने भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं, मासिकं छतापर्यंत गेली होती. “तिचं वाचणं मला बघवायचं नाही,” तो म्हणाला, आणि हे वाक्य आपल्याच तोंडातून आलं याची त्याला इतकी घाण वाटली की त्याने फोन जरा लांब धरला.

 मग बाई बोलल्या, तेव्हा अदब गेली होती. तो सूर त्याने लगेच ओळखला. दोन दिवस त्या क्लासवाल्याचा विचार करताना त्याच्या मनात हाच सूर होता.

“मुलीला फोन द्या. आणि तुम्ही बाहेर जाऊन थांबा. तुमच्यासमोर ती मोकळेपणाने बोलणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

त्याने लेकीच्या हातात फोन दिला आणि वस्तरा तसाच हातात घेऊन स्वतःच्या दुकानातून बाहेर पडून काचेचं दार लावून घेतलं. पोस्टमास्तरही गळ्यातल्या कापडासकट मागोमाग आले. दोघे फुटपाथवर उभे राहिले. येणारेजाणारे बघत होते. ज्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, त्या पोस्टमास्तरांनी नुसतं गळ्यातलं कापड नीट केलं.

“होईल ना तिचं काम?” शेवटी त्यांनी विचारलं.

“होईल.”

आत लेक फोनवर बोलता बोलता रडू लागली होती. काचेतून आवाज येत नव्हता, खांदे तेवढे हलताना दिसत होते. ते रडणं शिकवलेलं की खरं, हे त्याला ओळखू येईना. त्याने तिकडे पाठ केली.

“फेस वाळतोय,” तो म्हणाला. पोस्टमास्तरांची हनुवटी त्याने दोन बोटांनी उजेडाकडे वळवली आणि भर रस्त्यात उभ्याउभ्या उरलेला गाल करायला घेतला.