घट्ट बांधलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुना सुती दुपट्टा आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, असं सांगितलं तर आज तुमचा विश्वास बसणार नाही. मोहाडीकडच्या एका हातमागावर मी जन्मलो आणि आंबागडच्या केशवरावांच्या खांद्यावर माझं आयुष्य गेलं.

घाम पुसणं, ओझ्याखाली चुंबळ होणं, बाजारातून वांगी बांधून आणणं, ही कामं मी बिनतक्रार केली. पण माझा खरा मान वेगळाच होता. आमच्याकडे धानाच्या रोवणीत बाया-माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात. कपाळ ठणकायला लागलं तरी कोणी घरी जात नाही. दुपट्टा डोक्याभोवती करकचून आवळायचा, गाठ मारायची आणि पुन्हा वाकायचं. केशवराव मला असे आवळत, की माझे धागे कुरकुरत. हा माणूस दुखण्याला जुमानत नाही, असं बाजूची माणसं म्हणत आणि मीच फुशारून जाई. वेडाच होतो मी.

केशवरावांची एकुलती लेक प्रतिक्षा. कॉलेजात गेली आणि तिने हिमालयातला एक उंच ट्रेक मनावर घेतला. सोबतीला मैत्रीण दामिनी. तुमसरहून येणारे अनुप सर दोघींची तयारी करून घेत. रोज सकाळी पाठीवरच्या पिशवीत धान भरून आंबागडचा किल्ला चढायचा आणि उतरायचा. नवे बूट आधीपासून वापरून पायाला सरावाचे करायचे. डॉक्टरांकडून तपासणीही झाली. आमचं धान रोज किल्ला पाहून येते, आता ते भात व्हायला तयार होणार नाही, अशी चेष्टा तिची आई रत्नमालाबाई करायच्या.

अनुप सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. किल्ल्यावर पाय तयार होतात, पण हिमालयातली विरळ हवा इथे मिळत नाही. तिथे हळूहळू चढायचं, मध्ये मुक्काम करून शरीराला सवय होऊ द्यायची. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सांगायचं, वर जायचं नाही, आणि दुखणं वाढलं तर खाली उतरायचं. प्रतिक्षा मान हलवायची.

निघायच्या दिवशी समाजमंदिरात सत्कार झाला. आमची लेक माथ्यावर पाय ठेवूनच येणार, असं कोणीतरी भाषणात बोललं आणि टाळ्या पडल्या. प्रतिक्षा एसटीत चढताना केशवरावांनी मला खांद्यावरून काढून तिच्या हातात दिलं.

“डोकं दुखलं तं हा घट्ट बांधजो बाई. दुखणं पळते.”

त्यांचं दुखणं आयुष्यभर तसंच पळालं होतं. लेकीला देण्यासारखं तेवढंच ज्ञान त्यांच्याजवळ होतं, आणि ते त्यांनी मनापासून दिलं.

पहाडात वरच्या मुक्कामावर प्रतिक्षाचं डोकं ठणकू लागलं. तिने मला टोपीच्या आत आवळलं. सोबत आलेल्या अनुप सरांनी विचारलं तेव्हा हसून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. जेवण मात्र दामिनीच्या ताटात सरकवलं. दुसऱ्या दिवशी सगळे आणखी वर चढले आणि माझी गाठ आणखी घट्ट झाली. तिच्या कपाळाची शीर माझ्याखाली उडत होती. मला ते कळत होतं, पण मित्रांनो, कापडाला तोंड नसतं. दामिनीने खोदून विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली,

“माहं डोकं फुटून राहिलं. पर कोणाले सांगू नोको. मी अर्ध्यातून वापस गेली तं बाबा गावात तोंड कसं दाखवन?”

दामिनीला मैत्रिणीचा शब्द मोडवला नाही.

सकाळी प्रतिक्षाला बुटाची नाडी बांधता येईना. पाय भलतीकडेच पडू लागले. अनुप सरांनी तिची टोपी काढली, तेव्हा कपाळावर आवळलेला मी त्यांना दिसलो. क्षणभरही न दवडता त्यांनी ऑक्सिजन लावला आणि तिला उचलून सगळे खाली निघाले. पण फार उशीर झाला होता. वाटेतच पोर गेली.

अंत्यसंस्कार झाल्यावर काही दिवसांनी दामिनी मला धुऊन, घडी घालून आमच्या अंगणात आली. खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. रत्नमालाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. केशवरावांनी मला तिच्या हातातून घेतलं. मग म्हणाले,

“अर्ध्यातून आली असती तं मी स्टँडवर जाऊन तिले घेऊन आलो असतो. तोंड कायले पाह्यजे होतं मले? मले पोरगी पाह्यजे होती.”

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. केशवराव उघड्या डोक्याने शेतात जातात. मला कोणी हात लावत नाही, आणि त्याची मला तक्रारही नाही.

मित्रांनो, पहाडावर जरूर जा. पाय तयार करा, बूट सरावाचे करा, पण दुखणं गिळायची सवय घरीच ठेवून जा. डोकं दुखलं तर सोबत्यांना सांगा. सोबत्याने गुपित म्हणून सांगितलं तर ते गुपित मोडा, तो रागावला तरी चालेल. आणि उतरावं लागलं तर उतरा. टाळ्या वाजवणारे तुम्हाला घटकाभरात विसरतील. दाराशी वाट पाहणाऱ्यांना तुमचं शिखर नको असतं, तुम्ही हवे असता.