देवीचा शेंदूर आणि कापसाचे बोळे

मंगळवारी सकाळी आठालाच कोपर गावच्या खाडीकडच्या आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. आवडाबाईच्या दारापासून थेट जाळी वाळत घालायच्या बांबूंपर्यंत रांग. कुणी पायी, कुणी रिक्षाने, कुणी खोकत, कुणी पोरगी बघायला येणार म्हणून. सगळ्यांची नजर एका पितळी ताटावर, आणि ताटावर पालथी टोपली.

दामाजी भगताने डोळे मिटले, टोपली उचलली, आणि बायकांनी एकदम हात जोडले. रविवारी त्याने मंत्र म्हणत, अंगारा टाकून झाकलेल्या पांढऱ्या भातावर शेंदूर फुटला होता! भगवा, भुरभुरीत, फुंकर मारली तर उडेल असा.

"बघा!" दामाजी गरजला. "मोठमोठे डाक्टर आणा, भातातून शेंदूर काढून दाखवा म्हणावं! आई जेवली आणि हात पुसला, तोच हा शेंदूर. मधात चाटायचा. खोकला, कावीळ, नोकरी, लग्न, सगळ्याला एकच मात्रा. फक्त एक पथ्य. देवीचं औषध आणि दवाखान्याचं औषध एका पोटात नांदत नाय!"

नोकरीसाठी शेंदूर आपण चाटायचा की साहेबाला चाटवायचा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दामाजी वर्षापूर्वीपर्यंत मानपाड्याच्या एका कारखान्यात वॉचमन होता. तिथे त्याला कुत्रीसुद्धा भीत नव्हती. इथे माणसं त्याच्या पाया पडत होती.

रांगेच्या शेवटी, स्वतःच्याच घरासमोर परक्यासारखा उभा होता आवडाबाईचा मुलगा गुणाजी. त्याला तो शेंदूर ठाऊक होता. अकरा वर्षं तो रोज तो धूत होता.

गुणाजी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कामाला होता. तिथल्या हेमा मॅडम एका शेंदरी बुरशीच्या जनुकांवर काम करायच्या. ओळीने काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीच्या तोंडात कापसाचा बोळा, आत भगवी बुरशी. वापरलेल्या नळ्या आधी वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये टाकायच्या, मगच धुवायच्या, असा कडक नियम. बोळासुद्धा वाफेशिवाय बाहेर जाता कामा नये.

नवरात्राच्या आदल्या शनिवारी आवडाबाई म्हणाली होती, "गुण्या, अखंड दिव्याला कापूस आण रे. तुझ्या हापिसातला मऊ असतो." गुणाजीला घरी जायची घाई होती. त्याने पांढरेशुभ्र दिसणारे पन्नासेक बोळे तसेच पिशवीत कोंबले. कुकर लावलाच नाही. आईने देवापुढे बसून वाती वळल्या, त्याच हातांनी नैवेद्याचा भात झाकला, आणि तिसऱ्या दिवशी किंचाळली, "गुण्या, देवी आली रे घरान!"

त्याच क्षणी गुणाजीने ओळखलं. आणि गप्प बसला. का? एक तर बोळे चोरल्याचं कळलं असतं तर नोकरी गेली असती. दुसरं, बाप वारल्यापासून आई इतकी हसलेली त्याने पाहिली नव्हती. चार दिवसांत बुरशी सुकेल, विषय मिटेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण सहाव्या दिवशी दामाजी दारात हजर झाला, आणि विषय कसला मिटतोय!

घरात मालू होती. गुणाजीची धाकटी बहीण, वय बावीस. तिला टीबी झालेला. नगरपालिकेच्या दवाखान्यातून आठ महिन्यांच्या गोळ्या लिहून दिलेल्या, त्यातले तीन महिने झालेले. ताप गेला होता, गालावर तेज आलं होतं. दामाजीने नेमकं हेच हेरलं. "शेंदराने बरी झाली!" म्हणाला, आणि गोळ्या बंद करवल्या. त्या गोळ्यांनी मालूला मळमळायचं. तीही खूश झाली.

गुणाजीने एकदाच तिला मोरीपाशी गाठलं. "मालू, गोळ्या सोडू नको गं."

"दादा, मग देवीचा शेंदूर खोटा हाय का?"

तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. खोटा म्हणाली असती त्याची जीभ, तर मालू वाचली असती. पण गुणाजी म्हणाला, "तसं नाय... दोन्ही घे."

"दोन्ही चालत नाय, भगताने सांगितलंय," मालू म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दिवाळीनंतर खोकला परत आला, माघात रक्त पडलं. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर गुणाजीवर ओरडले, "शिकलेले ना तुम्ही? गोळ्या मध्येच सोडतात का?" आठव्या दिवशी मालू गेली. आईने तिच्या हिरव्या बांगड्या छातीशी धरून जे रडायला सुरुवात केली, ते ऐकून आळीतली माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. आणि दामाजी? "देवीला पोर आवडली," म्हणाला. पुढच्या मंगळवारी रांग दुप्पट झाली.

बाराव्यानंतर गुणाजी डबीत ताटातला शेंदूर घेऊन मॅडमसमोर उभा राहिला. सगळं सांगितलं. मनात वेडी आशा होती, की मॅडम म्हणतील ही बुरशी हवेतून कुठूनही येते, बेकरीत येते, तुमचा काय संबंध?

"तशी ही कुठेही सापडते," मॅडम खरंच म्हणाल्या. "पण आपल्या बुरशीत आम्ही एक जनुक मुद्दाम घातलंय. एका विषात बाकीची बुरशी मरते, आपली मरत नाही. लावून बघू."

तीन नळ्या लावल्या, तिन्हींत ते विष. एकीत बेकरीच्या पावावरची बुरशी, दुसरीत प्रयोगशाळेतली, तिसरीत कोपरची. तीन दिवसांनी पहिली नळी कोरी होती. दुसरी भगवी झाली होती. तिसरीही भगवी झाली होती.

मॅडमनी तिसरी नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "ही आपलीच, गुणाजी. बुरशीने तुमची बहीण मेली नाही. गोळ्या सुटल्याने मेली. पण घरी तुम्हाला बोलावं लागेल. नोकरीचं काय होईल, सांगता येत नाही."

पुढच्या मंगळवारी आळीतल्या भागीरथी काकूंचा नंबर लागला. त्यांनी सुनेच्या गोळ्यांची पुडी देवीच्या पायाशी टाकली. त्यात मालू घ्यायची तसल्याच टीबीच्या लाल कॅप्सुल होत्या. गुणाजी रांग मोडून पुढे घुसला.

"थांबा! हा शेंदूर नाय, बुरशी हाय! मी आणलेली!"

"देवीचा कोप होईल!" दामाजी किंचाळला.

"होऊ दे! मोरीत बघा चला." त्याने रविवारी मोरीत दोन ताटल्या झाकून ठेवल्या होत्या, दोन्हींत उकडलेला भात. एकीवर काही नाही, दुसरीवर ताटातली चिमूट. त्याने झाकणं काढली. पहिला भात पांढरा. दुसरा भगवाभडक. "मंत्र नाय, आरती नाय, बाजूला चपला! मग मोरीत देवी आली का? हा भगत मंत्र म्हणताना अंगारा म्हणून काय टाकतो? आदल्या खेपेची चिमूट! ती टाकू नको म्हणावं, आणि काढून दाखव शेंदूर!"

दामाजीची मूठ आपोआप मिटली. रांगेतल्या चंदू कोळ्याने ती उघडली, तेव्हा तळहात भगवा निघाला. रांग फुटली. पुढच्या पाच मिनिटांत दामाजी कुठल्या गल्लीने गेला, ते कुणी पाहिलं नाही.

आवडाबाई मात्र जागची हलली नव्हती. "तुला पहिल्या दिवशीच कळलेलं?"

"हो, आई."

"मालू होती तवा?"

"तवाबी, आई." आईने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, देवीच्या पायाशी पडलेली पुडी उचलली, पदराने पुसली आणि भागीरथी काकूंच्या हातात दिली. "सुनेला घाल. मळमळलं तरी घाल. आठ म्हैने म्हंजे आठ म्हैने." मग तिने दिव्यातली वात चिमटीने काढली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. ती गुणाजीशी पुढे बोलली की नाही, ते आळीला ठाऊक आहे, आपण विचारू नये.

मंडळी, देव माना, न माना, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण ज्याच्या मुठीत चिमूट आहे त्याला मूठ उघडायला सांगा, आणि डॉक्टरने आठ महिने सांगितले तर तीन महिन्यांवर थांबू नका. आणि तुम्हाला खरं काय ते ठाऊक असेल, तर पहिल्याच दिवशी बोला. गुणाजी बोलला, खरंच धीराने बोलला. फक्त पाच महिने उशिरा बोलला.